केसपेपरवर काय लिहिले? मार लागल्यानंतर कामाला येणारे इंग्रजी शब्द

रात्रीची कॅज्युअल्टी. एक बाई आली. ओठ फाटलेला, पुढचे दोन दात मोडलेले, पदर तोंडाला लावलेला. सोबत दीर. डॉक्टरांनी विचारले, "काय झाले?" दीर म्हणाला, "मोरीत घसरून पडली." बाई खाली बघत राहिली. डॉक्टरांनी लिहिले, 'एच/ओ फॉल'. ट्रे हातात घेऊन आम्ही शेजारीच उभे होतो. तिच्या दंडावर उमटलेली बोटे आम्हाला दिसत होती. आम्ही काही बोललो नाही. पुढे ती माहेरी आली, तक्रार करायची ठरली, तेव्हा वकिलाने सगळ्यात आधी तो कागद मागितला. कागदावर ती पडलेली होती.

नोकरी सोडून वस्तीत काम करू लागल्यापासून आम्ही हा कागद घराघरांत वाचून दाखवतो. दवाखान्यात आपण बोलतो मराठीत, लिहिले जाते इंग्रजीत, आणि पुढे पोलीस आणि कोर्ट वाचतात ते लिहिलेले. म्हणून निदान मारामारी-अपघाताचे शब्द तरी आपल्याला ओळखता आले पाहिजेत. अक्षर डॉक्टरचे असेल तर "हे काय लिहिलंय?" असे सरळ विचारायचे. त्यात लाज कसली?

'एच/ओ' म्हणजे हिस्ट्री ऑफ, कसे झाले त्याची हकिकत. 'सी/ओ' म्हणजे कम्प्लेन्ट ऑफ, पेशंटला काय त्रास होतोय ते. हकिकतीपुढचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. 'फॉल' म्हणजे पडणे, 'असॉल्ट' म्हणजे मारहाण, 'आरटीए' म्हणजे रस्त्यावरचा अपघात, 'अ‍ॅक्सिडेंटल बर्न्स' म्हणजे चुकून भाजणे. हा शब्द डॉक्टर स्वतःच्या मनाने लिहीत नाहीत, सांगणाऱ्याच्या तोंडातून उचलतात. म्हणून सांगणारा कोण, हे बघा. मार खाल्लेल्या बाईची हकिकत मारणाऱ्याच्या घरचा माणूस सांगत असेल, तर सिस्टरला हळूच म्हणा, "मला एकटीला बोलायचंय." तेवढे पुरते. सिस्टर पडदा ओढून बाकीच्यांना बाहेर काढू शकते. आम्ही त्या रात्री ते केले नाही, पण करता येत होते.

पुष्कळदा 'अलेज्ड हिस्ट्री ऑफ असॉल्ट' असे लिहिलेले असते. 'अलेज्ड' म्हणजे कथित. हे कळल्यावर आपली पोरे चिडतात, डॉक्टर आम्हाला खोटे ठरवतो म्हणून. तसे नाही. डॉक्टर तिथे हजर नव्हता, पेशंटने असे सांगितले, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून भांडू नका. त्यापेक्षा कोणी मारले, कशाने मारले, कुठे आणि किती वाजता, हे त्यात आले का ते विचारा.

आता जखमांची नावे. खरचटले तर 'अ‍ॅब्रेजन'. मुका मार म्हणजे 'कन्ट्यूजन'. काठी, दगड, लोखंडी पाइप अशा बोथट वस्तूने कातडी फाटली, खोक पडली, तर 'लॅसरेटेड वूंड'. कागदावर बहुधा 'सीएलडब्ल्यू' एवढीच अक्षरे असतात. कोयता, सुरी, ब्लेड अशा धारेने चिरले तर 'इन्साइज्ड वूंड', आणि भोसकले तर 'स्टॅब'. या नावावरून हत्यार कोणते होते ते ठरते. तक्रारीत कोयता आणि कागदावर सीएलडब्ल्यू असले की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. डोक्यावर, भुवईवर, नडगीवर कातडीखाली लगेच हाड असते, त्यामुळे तिथे काठीनेही सरळ चिरल्यासारखी जखम होते. म्हणून जे झाले तेच सांगा. काठी होती तर काठीच म्हणा. केस जड व्हावी म्हणून काठीचा कोयता केला, तर खरी केसही हलकी होते.

मुक्या माराचे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त वाया जातो. सावळ्या अंगावर ताजा वळ नीट दिसत नाही. पहिल्या दिवशी डॉक्टर लिहितात 'टेंडरनेस', म्हणजे दाबल्यावर दुखते, आणि पुढे जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथेच काळानिळा डाग उमटतो. तो उमटला की पुन्हा त्याच दवाखान्यात जा, जुना कागद दाखवा आणि नव्याने नोंद करून घ्या. डागाचा रंग बदलत जातो. आधी लालसर, मग निळा-काळा, पुढे हिरवट, पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. मार कधीचा असावा याचा अंदाज डॉक्टर त्या रंगावरून बांधतात. हळद-चुना लावून घरी बसलात तर मार बरा होईल, पण पुरावाही त्याच्याबरोबर जाईल.

"हाड मोडलं नाही, नुसतं फ्रॅक्चर आहे." हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले असेल! फ्रॅक्चर म्हणजेच हाड मोडणे. बारीक चीर असली तर 'हेअरलाइन फ्रॅक्चर' म्हणतात, पण तेही फ्रॅक्चरच. सांधा निखळला तर 'डिसलोकेशन'. मुरगळणे-लचकणे म्हणजे 'स्प्रेन', त्यात हाड शाबूत असते.

या फरकाला कायद्यात वजन आहे. डॉक्टरांच्या इंजुरी सर्टिफिकेटवर शेवटी एक शब्द असतो, 'सिंपल' किंवा 'ग्रीव्हस'. सिंपल म्हणजे किरकोळ, काही झालेच नाही, असे समजू नका. कायद्याने गंभीर ठरवलेल्या दुखापतींच्या यादीत ती बसत नाही, एवढेच. ती यादी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये आहे. डोळा किंवा कान कायमचा जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाताचा किंवा पायाचा उपयोग कायमचा जाणे, जिवाला धोका होणे, हे त्यात आहेच. पण हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हेसुद्धा आहे. दातसुद्धा! जाणूनबुजून केलेल्या साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद आहे, गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. त्या बाईचे दोन दात म्हणजे ग्रीव्हस होते.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट आहे. १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा माणसाला रोजची कामे करता आली नाहीत, तर तीही गंभीर दुखापत धरतात. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते. आपली माणसे चौथ्या दिवशी मजुरीवर जातात, ते आम्हाला कळते, पोट थांबत नाही. पण दुखत असेल तर निदान तपासणीला तरी जात राहा, कारण कागदाशिवाय ते १५ दिवस कुणाला दिसत नाहीत. एक्स-रे व्हायचा असला की सर्टिफिकेटवर 'ओपिनियन रिझर्व्ड' लिहितात, म्हणजे मत राखून ठेवले. अशा वेळी एक्स-रे काढून पुन्हा जायचे असते. पुष्कळ जण जात नाहीत आणि मत राखलेलेच राहते.

डोक्याला मार असेल तर कायद्याचे सगळे बाजूला ठेवा, आधी जीव. कॅज्युअल्टीच्या कागदावर एक ओळ ठरलेली असते: 'नो एलओसी, नो व्हॉमिटिंग, नो सीझर, नो ईएनटी ब्लीड'. म्हणजे शुद्ध हरपली नाही, उलटी नाही, झटके नाहीत, कान-नाक-घशातून रक्त नाही. गर्दीच्या वेळी हे अर्ध्या इंग्रजीत भराभर विचारले जाते आणि नातेवाईक मान हलवतात. "बेशुद्ध होता का?" तर म्हणे, "नाही, फक्त चक्कर येऊन पडला." आपल्याकडे चक्कर म्हणजे डोके गरगरणेही आणि शुद्ध जाणेही. डॉक्टर लिहितात 'गिडीनेस', म्हणजे नुसती भोवळ. तेव्हा असे सांगा: हाक मारली तर ओ देत नव्हता, डोळे मिटलेले होते, अंदाजे इतकी मिनिटे. घरी पाठवले तरी पुढचा दिवसभर लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, जास्तच गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखे काही आले, तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

"पोलिसांची चिठ्ठी आणा, मग बघतो," असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, दवाखाना सरकारी असो की खाजगी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. पोलिसांना कळवण्याचे काम दवाखान्याचे. त्या नोंदीलाच 'एमएलसी' म्हणतात. कागदांची प्रत लेखी मागितली तर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यावी, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. आणि 'लामा' किंवा 'डामा' असे लिहिलेल्या जागी सही करण्याआधी थांबा. हा तिबेटातला लामा नव्हे. डॉक्टरांचा सल्ला न जुमानता आम्ही पेशंट घरी नेतो, असे त्यात लिहून दिलेले असते.

हकिकत चुकीची लिहिली गेली असेल तर खाडाखोड करायला सांगू नका. पेशंट आता असे सांगतो, अशी नवी नोंद तारीख, वेळ आणि सहीसह करून मागा. उशिरा झाली तरी ती नोंदच आहे.

आणि दाताचे राहिले. पक्का दात मुळासकट निखळून पडला तर टाकून देऊ नका. मूळ न धरता वरच्या बाजूने उचला, घासू नका, वाटीत दूध घेऊन त्यात ठेवा आणि तासाभराच्या आत दाताच्या डॉक्टरकडे न्या. कधी कधी तो परत बसतो. लेकरांचे दुधाचे दात मात्र परत बसवत नाहीत. दात बसला नाही तरी तो निखळल्याची नोंद त्या डॉक्टरकडून करून घ्या.