भाजलेली जखम आवळते का?

फुलबाजीचा चटका बसून बोटावर फोड आला आणि थोड्याच दिवसांत कातडी पूर्ववत झाली, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. मग खोल भाजलेल्या माणसाचे कोपर कधीकधी कायमचे वाकलेले का राहते?

आपल्या त्वचेत वर पातळ बाह्यत्वचा आणि खाली जाड अंतस्त्वचा असते. केसांची मुळे व घामाच्या ग्रंथी खोलवर गेलेल्या असतात. चटका वरवरचा असला, तर तेथल्या पेशींपासून नवी त्वचा पसरते. अंतस्त्वचाच जळाली, की हे बियाणे उरत नाही. मग शरीर जखमेच्या कडाच एकमेकींकडे ओढू लागते. स्नायूंप्रमाणे आकुंचन पावून ही ओढाताण करणाऱ्या पेशींचे वर्णन गॅब्बियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली केले. ही ओढ पाठीवर एक वेळ खपते. सांध्यावर मात्र हात जखडतो.

म्हणून जखम आपोआप भरण्याची वाट पाहायची नाही! मारिबोर (तेव्हाचा युगोस्लाव्हिया, आताचा स्लोव्हेनिया) येथील डॉ. झोरा यांझेकोविच यांनी १९७० साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. पहिल्या काही दिवसांतच मृत थर पातळ कापांनी छिलायचा, रक्त पाझरणारा जिवंत थर लागला की थांबायचे आणि लगेच रुग्णाचीच दुसरीकडची त्वचा वर बसवायची. या कलमात अंतस्त्वचा जितकी अधिक, तितके पुढचे आकुंचन कमी. पण फार जाड कलम काढले, तर जेथून काढले तेथेच नवी जखम भरेनाशी होते!

आणि पट्टा आधीच आवळलेला असेल तर? येथे भूमिती धावून येते. मला तर हा भाग फारच आवडतो. पट्ट्याच्या लांबीवर एक छेद घेतात. त्याच्या दोन टोकांपासून, विरुद्ध बाजूंना, ६० अंशांत तेवढेच छेद घेतात. इंग्रजी ‘झेड’ तयार होतो. सुटलेल्या दोन त्रिकोणी पाकळ्यांची अदलाबदल करून शिवतात. वहीत आकृती काढा: दोन समभुज त्रिकोणांचा मिळून एक समभुज चौकोन होतो. पट्टा लहान कर्णावर होता. आता त्या दिशेची लांबी मोठ्या कर्णाएवढी होते. कर्णांचे गुणोत्तर १ : १.७३!

त्वचा कागद नव्हे, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ कमी मिळते. शिवाय लांबी वाढली तेवढी रुंदी घटते, म्हणजे बाजूची त्वचा सैल हवी. बाजूलाही व्रणच असेल, तर तो कापून पुन्हा कलम लावावे लागते आणि पुढे कित्येक महिने पट्टी बांधून सांधा ताणलेला ठेवावा लागतो.