पोटातील बाळाची हालचाल : मातेला कळणारी खूण

हिमायतनगर तालुक्यात कापसाच्या वेचणीचे दिवस आले की गर्भवती स्त्रियाही शेतात राबताना दिसतात. चालताना, वाकताना पोटातील बाळाची हालचाल आईला कमी जाणवते. रात्री पाठ टेकली की बाळ जागे झाल्यासारखे वाटते. सायंकाळनंतर ते अधिक हालतेही. बाळाच्या या सवयींची ओळख आईखेरीज दुसऱ्या कोणास होऊ शकत नाही.

पहिली हालचाल साधारणपणे १६ ते २० आठवड्यांच्या दरम्यान जाणवते. पहिलटकरणीस ती थोडी उशिरा कळते. २८ व्या आठवड्याच्या सुमारास हालचालींस एक ठरावीक वळण लागते. बाळ २० ते ४० मिनिटे झोपते. ही झोप सहसा दीड तासापलीकडे जात नाही. उचकीचे तालबद्ध हिसके हालचालींत धरत नाहीत.

नववा महिना लागला की जागा अपुरी पडून बाळ शांत होते, ही समजूत मात्र चुकीची आहे. लाथा मारण्याऐवजी बाळ अंग वळवते, कूस बदलते. म्हणजे हालचालीचा प्रकार बदलतो, ती कमी होत नाही. वारेतून प्राणवायू अपुरा मिळू लागला की बाळ शक्ती वाचविण्यासाठी हालचाल आवरते. रक्तदाब वाढलेल्या किंवा बाळाची वाढ खुंटलेल्या मातेच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

ब्रिटनमधील कार्डिफ येथे १९७६ च्या सुमारास बारा तासांत दहा हालचाली मोजण्याची पद्धत पुढे आली. आज शंका आल्यास डाव्या कुशीवर निजून दोन तास लक्ष देण्यास सांगतात. दहा हालचाली न जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हालचाल अजिबात थांबली असेल, तर दोन तासही थांबू नये. आकड्यापेक्षा नेहमीच्या सवयीत पडलेला फरक महत्त्वाचा. गूळपाणी देऊन बाळ जागे होण्याची वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो.

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. नेमक्या याच आठवड्यांत गर्भवतीचे गाव बदलते आणि आशा कार्यकर्तीही बदलते. म्हणून माता-बालसंरक्षण पत्रिका सोबत न्यावी आणि माहेरच्या आशाताईंकडे पहिल्याच दिवशी नाव नोंदवावे. दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय रुग्णालयात गर्भवतींची विशेष तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे. तेथे हालचालींविषयी विचारणा झाली नाही, तर मातेने आपण होऊन सांगावे.

रुग्णालयात बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकतात, त्यांचा आलेख काढतात, गरजेनुसार सोनोग्राफीने गर्भजल पाहतात. पुष्कळदा सर्व ठीक निघते व माता घरी परतते. अशी फेरी वाया गेली असे घरच्यांनी मानू नये. दुसऱ्यांदा शंका आली तरी पुन्हा न्यावे. १०२ क्रमांकावरील गर्भवतींसाठीचे वाहन विनामूल्य आहे. नांदेडजवळ विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचे अंतर पाहता, रात्री कोणाची गाडी मिळेल याची चौकशी पंचायत सदस्यांनी वेचणीपूर्वीच करून ठेवावी.