सुरीच्या मुठीतील अस्तर

वर्ध्यास १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेचे माध्यम व उत्पादक हस्तोद्योग या दोन गोष्टी एकत्र मांडल्या. तेव्हापासून उद्योगाची परिभाषा हा भाषाभ्यासकाचाही विषय ठरतो. मात्र संज्ञा निवडण्यापूर्वी वस्तूचे कार्य समजले पाहिजे. हाताने घडविलेल्या सुरीच्या मुठीत पोलाद आणि लाकूड यांच्यामध्ये जो पातळ थर घालतात, त्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

आपल्या विळ्यास हा थर नसतो. पात्याची निमुळती शेपटी तापवून लाकडी मुठीत ठोकतात आणि मुठीच्या तोंडाशी कडे बसवितात. लाकूड लोखंडास चहूंकडून वेढून असते; त्यामुळे मध्ये काही घालण्याचे, आणि म्हणून त्यास नाव देण्याचेही, कारण पडत नाही. परंतु पाते मुठीइतकेच रुंद ठेवून दोन्ही अंगांस लाकडाच्या चपट्या फळ्या रिव्हेटांनी जखडल्या, की प्रकार बदलतो.

लाकूड आर्द्रतेनुसार फुगते व आक्रसते. पोलाद तसे करीत नाही. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत सुमारे ५ टक्के आक्रसतो, लांबीत जवळजवळ नाही. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि थोड्याच आठवड्यांत पावसाळी दमट हवा येते. उन्हाळ्यात फळी किंचित वाकते, फट पडते. श्रावणात तीत पाणी शिरते आणि गंज आतल्या आत वाढतो. बाहेरून सुरी धडधाकट दिसते. मूठ सुटते ती नेमकी जोर लावताना. थर लाकडाची हालचाल थांबवीत नाही. तो फट भरून ठेवतो आणि सरसाला धरावयास चांगला पृष्ठभाग देतो, एवढेच.

द्रव्याची निवड या कसोटीवर व्हावी. चामडे सहज मिळते, दिसतेही सुरेख. वर्ध्याजवळील नालवाडीचे चर्मालय तर ग्रामोद्योगांच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. परंतु सालीने कमावलेल्या चामड्यातील टॅनिन ओलाव्यात लोखंडाशी मिळून काळे डाग पाडते; साध्या पोलादास ते घालू नये. पितळ कडक व देखणे खरे, पण गुळगुळीत असल्याने खरवडल्यावाचून चिकटत नाही, शिवाय ओल्या स्थितीत त्याच्या संगतीने लोखंड अधिक गंजते. व्हल्कनाइज्ड फायबरचे पेटंट इंग्लंडात १८५९ साली निघाले. कापसाच्या कागदाचे थर जस्त क्लोराइडच्या द्रावाने एकजीव करून ते बनवितात. हिंगणघाटच्या कापसाचा अभिमान बाळगणाऱ्यांस ते जवळचे वाटेल! ते लवचीक असते, चिकटतेही उत्तम. पण कापूस पाणी पितो हे त्याचेही लक्षण सुटत नाही. नित्य धुतल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या सुरीस म्हणून काचतंतू व इपॉक्सी राळ यांचा पत्राच योग्य. कोरड्या कामाच्या सुरीस फायबर पुरे.

आता नावाविषयी. ‘मध्यस्तर’ ही संज्ञा केवळ स्थान सांगते, ‘पत्ती’ केवळ आकार. फारसीतून आलेला ‘अस्तर’ हा शब्द कार्य सांगतो: अंगरख्याचे अस्तर जसे वरच्या कापडावरील ताण वाटून घेते, तसेच हे. भेद इतकाच की अंगरख्याचे अस्तर झाकलेले राहते आणि मुठीचे कडेला बारीक रेघेसारखे दिसते. त्या दिसणाऱ्या रेघेस निराळा शब्द हवा. लुगड्यामुळे ‘किनार’ आपल्या तोंडी आहेच.