नाव, ओळख आणि मुद्रित फलक

विद्युत्-मंडलाची आकृती आणि तिच्यावरून सिद्ध होणारा मुद्रित फलक ही एकाच आशयाची दोन लेखने होत. कोणता घटक कोणाशी जोडावयाचा, एवढेच आकृती सांगते; तो घटक कोठे बसेल आणि तांब्याची वाट कोणत्या बाजूने जाईल, हे फलकाच्या आराखड्यात ठरते. पहिल्यात दुरुस्ती झाली की ती दुसऱ्यातही उतरावयास हवी. संगणक हे कसे साधतो, ते १९९२ साली फ्रान्समध्ये आरंभ झालेल्या 'किकॅड' या मुक्त प्रणालीच्या आधारे पाहू.

आकृतीतील एखाद्या रोधकास 'आर ३' असे नाव असते आणि फलकावरही तेच छापले जाते. तेव्हा दोहोंचा मेळ या नावावरून घातला जात असावा, असे कोणासही वाटेल. वस्तुतः तसे नाही. (विशेषनाम आणि त्याने निर्दिष्ट होणारी वस्तू यांविषयीचा जुना वाद भाषाभ्यासकास येथे आठवल्यावाचून राहणार नाही.) प्रत्येक चिन्हास प्रणाली एक लांबलचक ओळखक्रमांक देते आणि फलकावरील घटकापाशी तो नोंदवून ठेवते. त्यामुळे 'आर ३' चा 'आर ९' केला तरी फलकावरील घटक जागचा हलत नाही. त्याचे नाव तेवढे पालटते. उलट, चिन्ह पुसून त्याच जागी त्याच नावाचे दुसरे ठेवले, तर प्रणालीच्या लेखी ते नवे होय. फलक अद्ययावत करताना आणखी एक घटक येऊन पडतो आणि जुना निराधार होतो. अशा वेळी नावावरून पुन्हा नाते जोडण्याचा पर्याय निवडावा लागतो. मात्र सर्व घटकांना नव्याने क्रमांक दिल्यावर हाच पर्याय योजिला, तर एकाची जागा दुसऱ्यास मिळून मांडलेल्या वाटांचा विचका होतो.

हे सारे घडावयाचे ते एफ ८ ही कळ दाबल्यावर. आपोआप काहीच होत नाही. ध्वनिविज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी मी मायक्रोफोनचा एक लहानसा विवर्धक रेखिला होता. इलेक्ट्रेट मायक्रोफोनला विद्युत् दाब रोधकातून पुरवावा लागतो. तो रोधक मी आकृतीत मागाहून घातला आणि कळ दाबावयास विसरलो. फलकाची नियम-तपासणी निर्दोष निघाली, कारण फलकापाशी असलेल्या जुन्या जोडण्यांशीच ती तुलना करीत होती. पाच फलक करून आले, ते पाचही मुके! आकृतीशी मेळ पाहण्याचा स्वतंत्र पर्याय त्याच चौकटीत होता. त्यावर मी खूण केली नव्हती.

फलकाकडून आकृतीकडे जाणारी वाट अरुंद आहे. घटकाचे नाव, मूल्य असे बदल मागे नेता येतात; नवी जोडणी मात्र आकृतीतच काढावी लागते.

शिवाय हा मेळ केवळ क्रमांकांचा असतो: चिन्हाचा पाय १ तो फलकावरील टेकू १. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे ठेवली असता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो; २एन ३९०४ मध्ये तो नेमका उलटा असतो. एकासाठी आखलेल्या जागी दुसरा डकविला, तर प्रणालीस त्यात काहीही वावगे दिसणार नाही. त्यासाठी उत्पादकाचे माहितीपत्रकच उघडावे लागते.