छोट्या शुश्रूषागृहाची पारख

लखनौ शहरात गोमती नदीच्या उत्तरेस महानगर नावाची वसाहत आहे. नाव मोठे असले तरी वस्ती घरगुती वळणाची. गोल मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांतून घरे, दुकाने आणि दहा-वीस खाटांची शुश्रूषागृहे शेजारी शेजारी नांदतात. बँकेच्या नोकरीत बदली होऊन अशा वस्तीत बिऱ्हाड थाटणे मराठी कुटुंबांना नवीन नाही. समजा, अशाच एका अधिकाऱ्याकडे साताऱ्याहून आलेल्या त्यांच्या पंचाहत्तर वर्षांच्या आई थंडीच्या दिवसांत न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शेजारी दोन नावे सुचवतात. एक शुश्रूषागृह नवे, संगमरवरी पायऱ्यांचे. दुसरे जुन्या बंगल्यातले, रंग उडालेले. दोन लाखांच्या कर्जासाठी आठवडाभर कागदपत्रे तपासणारा हा अधिकारी आईला कोठे न्यावे, हा निर्णय मात्र दहा मिनिटांत आणि पायऱ्यांकडे पाहून घेतो.

वास्तविक खुब्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे वेळ थोडा असला तरी अगदीच नसतो. त्या वेळात काय पाहावे, हे ठाऊक असणे महत्त्वाचे.

प्रथम शब्दाविषयी. इंग्लंड-अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेची जागा. आपल्याकडे त्याच नावाने बहुधा एका-दोघा डॉक्टरांनी चालविलेले छोटे रुग्णालय ओळखले जाते. त्यासाठी नोंदणी आवश्यक असते. महाराष्ट्रात 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमानुसार ती होते, आणि 2021 च्या नियमदुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. उत्तर प्रदेशाने केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारला असून लखनौत नोंदणी मुख्य चिकित्सा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होते. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे का आणि त्याची मुदत उलटलेली नाही ना, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. मात्र नोंदणी म्हणजे दर्जाची हमी नव्हे. वाहनचालकाचा परवाना खिशात असणारा प्रत्येक जण उत्तम गाडी चालवतोच असे नाही.

वैद्यकीय सेवेचा दर्जा मोजावा कसा, याची आजही आधारभूत मानली जाणारी मांडणी अवेडिस डोनाबेडियन या बैरुतमध्ये जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत अध्यापन केलेल्या डॉक्टरांनी 1966 साली केली. त्यांनी दर्जाचे तीन भाग पाडले: रचना, प्रक्रिया आणि फलित. रचना म्हणजे इमारत, उपकरणे, मनुष्यबळ. प्रक्रिया म्हणजे रुग्णासाठी प्रत्यक्ष काय आणि कसे केले जाते. फलित म्हणजे रुग्णाचे शेवटी काय झाले. सामान्य माणूस रचना पाहून भुलतो आणि फलिताच्या गोष्टी ऐकून निर्णय घेतो. प्रक्रियेकडे सहसा कोणी पाहत नाही.

रचनेतील काही गोष्टी मात्र डोळे उघडे ठेवून पाहाव्यात. पुष्कळ शुश्रूषागृहे मुळात राहण्यासाठी बांधलेल्या घरांत असतात. जिना अरुंद, खिडक्यांना पक्के गज, आणि उद्‌वाहनात स्ट्रेचर मावत नाही. वीज गेल्यावर जनित्र किती वेळात सुरू होते, प्राणवायूचा साठा कोठे असतो, आणि आग लागल्यास वरच्या मजल्यावरील चालू न शकणारा रुग्ण कोणत्या वाटेने बाहेर काढणार? कोलकात्यातील 2011 च्या आणि भंडाऱ्यातील 2021 च्या रुग्णालयातील आगी विसरता येण्यासारख्या नाहीत. भंडाऱ्यात दहा नवजात बालके दगावली. खुबा मोडलेल्या आई स्वतःहून जिना उतरू शकणार नाहीत, हे ध्यानात ठेवून हा प्रश्न विचारायचा आहे. नव्या यंत्रांचा मात्र फार गवगवा मानू नये. यंत्र कर्जावर घेतलेले असेल तर त्याचा हप्ता दरमहा भरावा लागतो, आणि हप्ता भरण्यासाठी यंत्र चालते ठेवावे लागते, हे बँकेतील मंडळींना वेगळे सांगायला नको.

फलिताचा मोह मोठा असतो. ‘आमच्याकडे वर्षभरात एकही मृत्यू नाही’ हे वाक्य ऐकायला सुखद वाटते. परंतु येथे शाखेतील अनुभव आठवावा. एखाद्या शाखेत वीसच कर्जखाती असतील आणि त्यांपैकी एक थकले, तर थकबाकीचे प्रमाण एकदम पाच टक्के. एकही थकले नाही, तर शून्य. त्यावरून शाखाधिकाऱ्याची पारख कोणी करत नाही. छोट्या शुश्रूषागृहाचेही तसेच. समजा, एखाद्या ठिकाणी वर्षाला दोनशे शस्त्रक्रिया होतात आणि तेथील खरी जोखीम दोनशेत एक मृत्यू इतकी आहे. केवळ योगायोगाच्या हिशेबाने साधारण तीनांतील एक वर्ष मृत्यूविना जाईल, आणि चारांतील एका वर्षी दोन किंवा अधिक मृत्यू होतील. काळजीच्या दर्जात तसूभरही फरक पडलेला नसेल! शिवाय अत्यवस्थ रुग्ण वेळेवर मोठ्या रुग्णालयात हलविला आणि तो तेथे दगावला, तर तो मृत्यू शुश्रूषागृहाच्या वहीत चढतच नाही. उलट, कठीण रुग्ण स्वीकारणाऱ्या डॉक्टरांचे आकडे वाईट दिसतात. म्हणून छोट्या ठिकाणी फलिताच्या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे.

उरते ती प्रक्रिया, आणि ती पाहण्याची खरी वेळ रात्रीची. दिवसा मुख्य डॉक्टर असतात, कर्मचारी असतात, भेटायला येणारी माणसे असतात. रात्री दोन वाजता कोण जागे असते? ड्यूटीवरचे डॉक्टर इमारतीत असतात की दूरध्वनीवर? त्यांची पदवी कोणती? किती रुग्णांमागे एक परिचारिका, आणि ती प्रशिक्षित आहे की गणवेश घातलेली मदतनीस? हे प्रश्न नम्रपणे विचारता येतात, आणि चांगल्या ठिकाणी त्यांचा राग मानला जात नाही.

खाटेच्या पायथ्याशी अडकविलेले नोंदपत्रक हा तर बोलका दस्तऐवज. नाडी, ताप, रक्तदाब, लघवीचे प्रमाण दर काही तासांनी त्यावर लिहिले जाते. रात्रभराचा रक्तदाब प्रत्येक वेळी 120/80, नाडी दर वेळी 80, सगळे आकडे एकाच शाईत, एकाच वळणात आणि एका ओळीत बसवलेले असतील, तर ते पहाटे एका बैठकीत भरले असण्याची दाट शक्यता असते. मागाहून भरलेली नोंदवही कशी दिसते, हे बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षकाला सांगावे लागत नाही. खऱ्या माणसाची नाडी रात्रीतून वरखाली होते. खऱ्या नोंदीत खाडाखोडही असते.

आईंच्या बाबतीत तर परिचारिकेचे काम शल्यविशारदाच्या कामाइतकेच मोलाचे ठरते. वृद्ध रुग्ण एकाच कुशीवर पडून राहिला की पाठीवर, टाचांवर शय्याव्रण होतात, छातीत कफ साठून न्युमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा पाहणे, शस्त्रक्रियेनंतर लवकर उठवून बसविणे, ही कामे बिलात ठळक दिसत नाहीत. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नातेवाइकांना ‘रात्री घंटी वाजवल्यावर कोणी येते का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

हातांकडेही पाहावे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतले जातात का? इंजेक्शन देण्यापूर्वी रुग्णाचे नाव विचारून औषधाशी ताडले जाते का? वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि रक्ताळलेले कापूस-पट्ट्या पिवळ्या पिशवीत जातात का? हे रंग 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी ठरवून दिले आहेत. सगळे एकाच बादलीत पडत असेल, तर शस्त्रक्रियागृहातही शिस्त कितपत असेल, असा प्रश्न पडतो. शस्त्रक्रियेपूर्वी कोणता पाय, हे खूण करून निश्चित केले जाते का, हेही विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेची एकपानी तपासणीसूची दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली गेली आणि 2009 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि गुंतागुंती 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आल्या होत्या. छापील कागदाच्या एका पानाला फार खर्च येत नाही.

छोट्या शुश्रूषागृहाचा सर्वांत मोठा गुण मात्र वेगळाच: आपली मर्यादा ओळखणे. आईंना हृदयविकार असेल, रक्त लागणार असेल, अतिदक्षता विभागाची गरज भासणार असेल, तर ‘हे आमच्याकडे होणार नाही’ असे सांगणारे डॉक्टर विश्वासास पात्र होत. महानगरातच भाऊराव देवरस संयुक्त चिकित्सालय हे सरकारी रुग्णालय आहे. त्याला नाव मिळाले ते नागपूरच्या मराठी माणसाचे. गोमतीपलीकडे 1911 पासून कार्यरत असलेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय, आता विद्यापीठ, आहे. रुग्ण हलवायचा झाल्यास रुग्णवाहिका कोणाची, सोबत कोण जाणार, पुढील डॉक्टरांसाठी चिठ्ठी कोण देणार, हे आधी ठरलेले असावे. निकडीच्या रुग्णाची प्रकृती उपलब्ध सोयींच्या मर्यादेत स्थिर करणे, हे 2010 च्या कायद्याने आस्थापनेचे कर्तव्य मानले आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत बँकेच्या ग्राहकाने संकोच करू नये. संमतीपत्रावर कोऱ्या जागा ठेवून सही देऊ नये. एका शस्त्रक्रियेची संमती म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेची संमती नव्हे, जीव वाचविण्याची निकड असेल तेवढाच अपवाद, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांच्या आत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. आरोग्यविम्याचा दावा करायचा असल्यास ‘रुग्णालय’ या शब्दाची पॉलिसीतील व्याख्या दाखल होण्यापूर्वीच वाचावी. सर्वसाधारणपणे संबंधित कायद्याखालील नोंदणी, किंवा नोंदणी नसल्यास दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावी किमान दहा व लखनौसारख्या शहरात किमान पंधरा खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका व डॉक्टर, स्वतःचे शस्त्रक्रियागृह आणि दैनंदिन नोंदी, अशा अटी त्यात असतात.

घरी पाठविताना मिळणारे कार्डही वाचून घ्यावे. कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणते औषध किती दिवस, टाके कधी काढायचे, आईंनी कोणत्या दिवसापासून किती भार देऊन चालायचे, रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची आणि कोणते लक्षण दिसताच परत यायचे, हे वाचता येईल अशा अक्षरांत असावे. आणि खाली रात्रीही उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक.