त्रेपन्न ऐकलं, पस्तीस लिहिलं

दुसरीतल्या मुलाला "त्रेपन्न लिही" असं सांगा आणि उत्तराऐवजी त्याची पेन्सिल कशी चालते ते बघा. काही मुलं आधी ३ लिहितात. मग त्याच्या डावीकडे जागा शोधून ५ बसवतात, आणि उत्तर बरोबर येतं. काही मुलं सवयीने उजवीकडेच लिहितात आणि ३५ होतं. माझ्या भाचीचं असंच व्हायचं. घरात सगळ्यांचं निदान तयार होतं: "लक्ष नसतं हिचं." मी लहान मुलांच्या गणितावरच पीएचडी करतेय, तरी पहिल्यांदा माझ्याही तोंडून तेच निघालं होतं.

लक्ष होतं तिचं. कानावर जे ज्या क्रमाने पडलं, ते तिने त्याच क्रमाने लिहिलं.

संख्या लिहिताना आपण दशक आधी लिहितो, मराठीत बोलताना एकक आधी बोलतो. 'त्रे' आधी, 'पन्न' नंतर. म्हणजे मुलाने तीन ऐकायचं, ते डोक्यात धरून ठेवायचं, पन्नास येईपर्यंत थांबायचं, ५ लिहायचं आणि मग धरून ठेवलेलं ३ लिहायचं. हे जिथे धरून ठेवलं जातं तिला कार्यरत स्मृती म्हणतात. सहा-सात वर्षांच्या मुलाची ही स्मृती मोठ्यांपेक्षा बरीच लहान असते.

त्यात आपले शब्द सारखे चेहरे बदलतात. पाच बघा: पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर. दशकांचंही तेच. 'साठ'चं 'सष्ट' होतं, 'सत्तर'चं 'हत्तर'. आणि एकोणतीस? त्यात 'एक' ऐकू येतो, 'तीस' ऐकू येतो, पण लिहायचं २९. मुलाने ३१ लिहिलं तर त्याचं काय चुकलं सांगा! बरं, एकोणनव्वदपर्यंत हा नियम नीट पाळायचा आणि नव्व्याण्णवला सोडून द्यायचा.

जर्मनमध्येही एकक आधी येतं. त्रेपन्नला ते 'तीन-आणि-पन्नास' म्हणतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऐकलेल्या संख्या लिहिताना मुलांनी केलेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या अदलाबदलीशी निगडित होत्या. आणि जर्मनमध्ये निदान 'पन्नास' स्पष्ट ऐकू तरी येतं.

उलट चिनी भाषेत अकराला 'दहा एक' आणि एकवीसला 'दोन दहा एक' म्हणतात. चिनी आणि अमेरिकन बालकांची तुलना झाली, तेव्हा दहापर्यंत मोजण्यात दोघांत फारसा फरक नव्हता. अकरापासून पुढे चिनी मुलं पुढे गेली. पण यात घरचं वातावरण, सराव असं बरंच काही मिसळलेलं असतं. म्हणून मला वेल्सचा अभ्यास जास्त पटतो. तिथे एकाच देशात काही मुलं इंग्रजीत शिकतात, तर काही वेल्शमध्ये, आणि शाळेतली वेल्श संख्यानामं चिनीसारखी सरळ आहेत. एकूण गणितात वेल्श माध्यमाची मुलं वरचढ ठरली नाहीत. पण दोन अंकी संख्या वाचणं आणि त्यांची तुलना करणं त्यांना सोपं गेलं. म्हणजे शब्दांचा परिणाम आहे, पण तो ठरावीक जागी आहे.

आता तुम्हाला २०१९ आठवलं असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' आलं आणि केवढा गदारोळ झाला! विधानसभेपर्यंत थट्टा पोचली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. जोडाक्षरांनी भरलेली नावं मुलांना जड जातात, गणिताची भीती तिथूनच बसते, असं त्यांचं म्हणणं होतं. जुने शब्द काढून टाकलेले नव्हते, जोडीला नवी वाट दिली होती. भाषा बुडेल ही भीती मला समजते, पण कन्नडमध्ये एकवीसला 'वीस-एक' याच क्रमाने म्हणतात, आणि कन्नड काही बुडालेली नाही. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णयानेच एककाऐवजी दशक आधी बोलायला सुरुवात केली. जुनी रूपं तिथे लोकांच्या तोंडी त्यानंतरही राहिली.

घरी काय करता येईल? आम्ही दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी काढली. मी "त्रेपन्न" म्हणायचं, तिने "पन्नास तीन" म्हणत पाच नोटा आणि तीन नाणी ठेवायची, आणि लिहायचं मग. 'एकोण' म्हणजे 'एक कमी' हे कोणी तिला सांगितलंच नव्हतं. तीन नोटा ठेवून त्यातला एक रुपया परत मागितला, तेव्हा एकोणतीस तिला गंमत वाटायला लागलं.

एक गोष्ट मात्र जपा. अमेरिकेत पहिली-दुसरीची मुलं आणि त्यांचे पालक यांचा २०१५ चा एक अभ्यास आहे. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे वरचेवर गृहपाठाला बसायचे, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली, आणि त्यांची धास्तीही वाढली. तेच धास्तावलेले पालक क्वचितच मदत करत असतील, तर हा परिणाम दिसला नाही. तेव्हा पाढे म्हणताना तुमचाच आवाज चढत असेल, तर त्या दिवशी वही मिटून ठेवा आणि नोटा-नाणी घेऊन दुकान-दुकान खेळा. भाची दुकानदार होते, मी गिऱ्हाईक. परवा तिने मला पस्तीसचं बिल लावून त्रेपन्न मागितले. विचारलं तर म्हणाली, "मावशी, आता मुद्दाम केलं."