दारातला आवाज आणि दाराचे आवरण

मोटारीत आपल्या हाताने स्टिरिओ बसवायची हौस काही मोठ्या शहरांचीच मक्तेदारी नाही. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावीही एखादा हौशी तरुण जुनी मोटार घेतो, स्पीकर आणतो, अॅम्प्लिफायर आणतो आणि सुटीच्या दिवशी दार उघडून बसतो. तारा जोडल्या जातात, गाणे वाजते. मग प्रश्न येतो तो दाराच्या आतल्या पॅनेलचा. कंपनीच्या पॅनेलमध्ये मोठा स्पीकर मावत नाही, म्हणून नवे पॅनेल घडवायचे आणि त्यावर रेक्झिन चढवायचे. या शेवटच्या कामाला बहुतेक जण सजावट समजतात. ते सजावटीपेक्षा बरेच अधिक आहे.

१९३० साली अमेरिकेत पॉल गाल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ विक्रीला काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘मोटोरोला’. पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या आणि स्पीकरची नेहमीची जागा ठरली दारात. आता स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन लाटा एकमेकींच्या उलट असतात. दाराच्या पत्र्यातल्या भोकांतून मागची लाट पुढे आली, की दोघी एकमेकींना मारतात आणि ढोलकीचा, तबल्याच्या डग्ग्याचा भरदारपणा नाहीसा होतो. महागडा स्पीकर घेऊनही आवाज पोकळ का येतो, याचे उत्तर बहुधा इथे असते. म्हणून पॅनेल घट्ट, जड आणि न थरथरणारे हवे.

पण भोके बुजवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मोटारीच्या दारात पावसाचे पाणी शिरतेच. ते काचेवरून आत उतरते आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. पॅनेलच्या मागे जो प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो हे पाणी आत बसणाऱ्याकडे येऊ देत नाही. हा कागद फाडून फेकला किंवा तळाची छिद्रे बुजवली, तर जुलैत गालिचा ओला होतो आणि दाराचा पत्रा आतून गंजू लागतो. तेव्हा वरची मोठी भोके बंद करावीत, तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत.

स्पीकर ज्या कड्यावर बसतो, ते कडे एमडीएफचे केले तर कापायला सोपे जाते, पण ओल लागली की एमडीएफ फुगतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात मरीन प्लायचे कडे बरे, आणि त्याच्या कापलेल्या कडांनाही रंगाचा किंवा रेझिनचा हात द्यावा. कडे पक्के करण्याआधी काच पूर्ण खाली उतरवून पाहावी. स्पीकरचा मागचा लोहचुंबक काचेच्या वाटेत येत असेल, तर ते आत्ताच कळलेले बरे. दार लावूनही पाहावे, कारण फुगवलेले पॅनेल सीटला किंवा गुडघ्याला अडते.

आकार देण्याची रीत साधी आहे. कड्यावरून जुना बनियन किंवा ताणणारे कापड ओढून बसवायचे, त्यावर रेझिन फासायचे, कापड कडक झाले की आतून काचतंतूंच्या जाळीचे थर द्यायचे. रेझिनबरोबर अनेकदा कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन वेगळ्या बाटल्या मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळावे, मगच हार्डनर घालावा. या दोन बाटल्यांतला माल थेट एकमेकांत कधीही मिसळू नये; भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. काम उघड्या हवेत करावे, जवळ विडी-सिगारेट नको.

विदर्भातल्या उन्हाळ्याचाही हिशेब धरावा लागतो. पारा ४३-४४ अंशांवर असताना रेझिन डब्यातच गोठते. अशा दिवसांत पहाटे काम करावे, थोडे थोडे मिश्रण करावे आणि हार्डनर डब्यावर सांगितलेल्या प्रमाणाच्या खालच्या बाजूला ठेवावा. उन्हात बंद उभ्या मोटारीच्या आतली हवा ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे पत्र्याची थरथर थांबवायला डांबराच्या पट्ट्या लावल्या तर त्या मऊ होऊन घसरतात, वास मारतात. ब्युटिल रबराच्या पट्ट्या महाग पडतात, पण टिकतात.

आता शेवटचा हात. फायबरवर पुट्टी भरून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उंचवटे काढायचे, मग १२० आणि २२० नंबरने गुळगुळीत करायचे. डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. डोळे मिटून तळहात फिरवावा, खड्डा हाताला आधी कळतो. रेक्झिन खड्डा लपवत नाही, उलट उजेड पडला की तोच दाखवते. चिकटवण्यासाठी रबराचा सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावावा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे. ओला असताना दाबला तर मे महिन्यात रेक्झिनला फोड येतात. मध्यापासून कडेकडे दाबत जावे, खोलगट जागी केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब द्यावी, चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर जादा रेक्झिन ठेवून ते मागे दुमडावे. गोल कोपऱ्यावर मागच्या बाजूने पाचरीसारखे काप दिले, की चुणी पडत नाही. ही कला आपल्या बसस्थानकाजवळच्या सीटकव्हरवाल्याच्या हातात असते. त्याच्याजवळ तासभर उभे राहून पाहिले तरी पुष्कळ शिकायला मिळते.

आणि जिवाशी संबंधित दोन गोष्टी. बॅटरीवरून अॅम्प्लिफायरला जाणाऱ्या तारेचा फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच हवा, आणि पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी ग्रोमेट हवा. दार रोज उघडते, मिटते. पत्र्याची धार तारेचे आवरण कापते आणि तिथूनच आग लागते. दुसरे म्हणजे, काही नव्या मोटारींत बाजूच्या एअरबॅगसाठी दाबाची जाणीव घेणारा सेन्सर दारातच असतो. अशा दाराच्या आतल्या रचनेला हात लावू नये. कंपनीचे मूळ पॅनेल मात्र कोणत्याही मोटारीचे असो, जपून ठेवावे. उद्या गाडी विकायची झाली तर तेच उपयोगी पडते.

चांगले पॅनेल कसे ओळखावे? आवाज मोठा केल्यावर त्यावर हात ठेवा. गाणे ऐकू यावे, पण हाताला थरथर लागू नये. आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊनही रेक्झिनची कड जागची हललेली नसावी.